बहामनी राज्याचा उदयास्त

बीदर शहराच्या जुन्या वस्तीत एका भव्य मदरशाचे अवशेष आजही उभे आहेत. इमारत तीन मजली असून तिच्या दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या व पिवळ्या चकचकीत फरशांचे नक्षीकाम होते. त्याचे तुकडे अद्याप जागोजाग चिकटलेले दिसतात. दर्शनी बाजूस दोन उंच मिनार होते, त्यांपैकी एकच शिल्लक आहे. इ. स. १४७२ मध्ये ही वास्तू पुरी झाली, तेव्हा दक्षिणेत तिच्या तोडीचे दुसरे विद्यापीठ नव्हते. ती बांधणारा पुरुष म्हणजे बहामनी राज्याचा मुख्य वजीर महमूद गावान. मदरसा पुरा झाल्यावर नऊ वर्षांनी, ज्या सुलतानाची त्याने आयुष्यभर चाकरी केली, त्याच सुलतानाच्या हुकुमाने त्याचा शिरच्छेद झाला. आणि त्यानंतर आणखी नऊ वर्षे लोटतात न लोटतात तोच बहामनी राज्याचे तुकडे पडू लागले.

एका वजिराच्या वधाने १३४ वर्षांचे राज्य मोडावे, हे प्रथमदर्शनी नवल वाटते. राज्ये अशी एका घावाने मरत नाहीत; घाव बसण्यापूर्वीच ती आतून पोखरलेली असतात. बहामनी राज्य कशाने पोखरले होते, हे समजण्यासाठी ते कशातून जन्मास आले येथपासून आरंभ करणे प्राप्त आहे. कारण या राज्याचा जन्म आणि त्याचा अंत यांत एक विलक्षण साम्य आहे.

देवगिरीचे यादव राज्य १३१८ मध्ये कायमचे नष्ट झाले व महाराष्ट्र दिल्लीच्या सुलतानांचा एक सुभा बनला. पुढे १३२७ मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीचे नाव दौलताबाद ठेवून तेथे आपली राजधानी आणली. राजधानीचा हा प्रयोग फसला, परंतु त्या निमित्ताने दिल्लीकडील पुष्कळ अमलदार, शिपाई, विद्वान आणि फकीर दक्षिणेत आले, ते येथेच राहिले. त्यांची मुले या मातीत वाढली, येथील बोली बोलू लागली. मुलखाचा वसूल व बंदोबस्त ज्यांच्या हाती असे त्या सरदारांना अमीर-इ-सदा म्हणत. सदा म्हणजे शंभर. सुमारे शंभर गावांचा अथवा शंभर स्वारांचा हा अधिकारी. दिल्लीची सत्ता दक्षिणेत टिकून होती ती वस्तुतः याच लोकांच्या बळावर.

महंमद तुघलकाचा या अमीरांवरचा विश्वास उडाला. माळव्यातील त्याच्या सुभेदाराने अशा कित्येक अमीरांची एकाच वेळी कत्तल केली, आणि सुलतानाने त्यास शासन करण्याऐवजी त्याचा गौरव केला. त्यानंतर दौलताबादच्या अमीरांस हुकूम आला की, सर्वांनी भडोच येथे सुलतानासमोर हजर व्हावे. अमीर निघाले, परंतु वाटेतच त्यांच्या मनात विचार आला की, माळव्यात जे घडले तेच आपल्या वाट्यास येणार. सुलतानाच्या शब्दावर विसंबून पुढे जाण्यापेक्षा मागे फिरणे त्यांना बरे वाटले. ते परतले, दौलताबादचा किल्ला त्यांनी हस्तगत केला, आणि इस्माईल मुख नावाच्या एका वृद्ध सरदारास गादीवर बसविले. हा वृद्ध गृहस्थ शहाणा होता. युद्धाचा भार आपणास पेलणार नाही हे ओळखून तो बाजूस झाला, आणि हसन जफरखान या पराक्रमी सेनानायकास राज्य मिळाले. ३ ऑगस्ट १३४७ रोजी दौलताबाद येथे अलाउद्दीन हसन बहमनशहा या नावाने त्यास राज्याभिषेक झाला.

या बहमन नावाविषयी एक मनोरंजक आख्यायिका महाराष्ट्रात सर्वत्र प्रचलित आहे. हसन हा दिल्लीच्या गंगू नामक ब्राह्मण ज्योतिषाचा चाकर होता. शेत नांगरताना सापडलेले धन त्याने प्रामाणिकपणे धन्यास दिले. तू राजा होशील असे भविष्य ब्राह्मणाने वर्तविले, आणि कृतज्ञता म्हणून हसनाने आपल्या घराण्यास ब्राह्मणाचे नाव दिले, अशी ही कथा आहे. ती फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेविली. पण फिरिश्ता या घटनेनंतर अडीचशे वर्षांनी झाला. खुद्द हसनाच्या आश्रयास असलेल्या इसामी या कवीने १३५० मध्ये पुरे केलेल्या काव्यमय इतिहासात या ब्राह्मणाचा मागमूसही नाही. त्यात हसनाचा संबंध इराणच्या पुराणप्रसिद्ध बहमन राजाशी जोडलेला आहे. ब्राह्मणाची कथा अभ्यासक आता खरी मानीत नाहीत. तथापि नव्या सुलतानास आपले कूळ दिल्लीशी न जोडता थेट इराणच्या प्राचीन राजांशी जोडावेसे वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दक्षिणेत जन्मलेल्या या राज्याची दृष्टी आरंभापासूनच समुद्रापलीकडे लागलेली होती.

हसनाने राजधानी गुलबर्ग्यास नेली व राज्याचे चार भाग पाडले. गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड व बीदर हे ते चार भाग; त्यांना तरफ म्हणत आणि त्यांवरील अधिकाऱ्यास तरफदार. १३५८ मध्ये हसन वारला. त्याचा पुत्र पहिला महंमदशहा याने ही व्यवस्था पक्की केली. त्याच्या कारकीर्दीत १३६७ मध्ये गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील जामा मशीद बांधली गेली. सामान्यतः मशिदीस मोठे उघडे अंगण असते. या मशिदीस ते नाही, सर्व वास्तू घुमटांनी आच्छादलेली आहे.

राज्याच्या दक्षिणेस विजयनगरचे साम्राज्य जवळजवळ याच काळात उदयास आले होते. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधील सुपीक रायचूर दुआब कोणाचा, हा दोन्ही राज्यांमधील कायमचा वाद. या प्रदेशापायी पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. या झगड्यास केवळ धर्मयुद्ध समजणे बरोबर होणार नाही. तुंगभद्रेच्या काठची जमीन, कोकण व गोव्याची बंदरे आणि त्या बंदरांतून येणारे अरबी घोडे, ही त्यातील खरी मोलाची वस्तू होती. चांगला घोडा दक्षिणेत निपजत नसे. तो इराण व अरबस्तानातून जहाजाने येई. आणि ज्याच्याकडे घोडे अधिक, त्याचे सैन्य श्रेष्ठ.

या समुद्रमार्गाने घोड्यांबरोबर माणसेही येऊ लागली, आणि येथेच या राज्याच्या अंतर्गत दुखण्याचा आरंभ झाला. दिल्लीशी संबंध तुटल्यामुळे उत्तरेकडून नवे शिपाई व कारभारी मिळेनात. तेव्हा बहामनी सुलतानांनी इराण, तुर्कस्तान, इराक, अरबस्तान या देशांतील लोकांस आमंत्रणे पाठविली. दाभोळ, चौल व गोवे या बंदरांत उतरून सय्यद, व्यापारी, कवी, तिरंदाज आणि पंडित दरबारात दाखल होऊ लागले. या परदेशी लोकांस आफाकी म्हणत. आफाक म्हणजे क्षितिजे. आफाकी म्हणजे क्षितिजापलीकडून आलेला. उलट ज्यांचे बापजादे दिल्लीहून आलेले होते, किंवा ज्यांनी येथेच धर्मांतर केले होते, ते सर्व स्वतःस दख्खनी म्हणवीत. आफ्रिकेतून आणलेले हबशी पुष्कळदा दख्खन्यांच्या बाजूस असत. आफाक्यांत शिया पंथाचे लोक बहुसंख्य होते व दख्खन्यांत सुन्नी, त्यामुळे तंट्यास पंथभेदाचीही धार आली. परंतु मूळ तंटा होता तो दरबारातील जागांचा, जहागिरींचा आणि सुलतानाच्या मर्जीचा.

फिरोजशहा बहामनी हा १३९७ मध्ये गादीवर आला. तो बहुभाषी व विद्याव्यासंगी होता. १४०७ मध्ये दौलताबादेजवळ एक वेधशाळा बांधण्यास त्याने आरंभ केला होता. हिंदूंस कारभारात वरच्या जागा देण्याची प्रथाही त्याच्या वेळी वाढली. परंतु त्याच्यानंतर १४२२ मध्ये त्याचा भाऊ अहमदशहा गादीवर आला, आणि परदेशी लोकांचे पारडे स्पष्टपणे जड झाले. अहमदशहास राज्य मिळवून देण्यात खलफ हसन नावाच्या बसऱ्याच्या एका व्यापाऱ्याने मोठे साहाय्य केले होते. सुलतानाने त्यास मलिक-उत्‌-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती, असा किताब देऊन सर्वांच्या वर बसविले. अहमदशहानेच पुढे राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलविली. हा सुलतान लोकांत वली, म्हणजे संत, म्हणून ओळखला जातो. बीदरजवळ अष्टूर येथे असलेल्या त्याच्या कबरीवर मुसलमानांप्रमाणेच हिंदूही श्रद्धेने जमतात. प्रजेच्या मनात असे स्थान मिळविणाऱ्या याच सुलतानाच्या दरबारात घरचे आणि बाहेरचे हा भेद उघड वैराच्या थरास गेला, हा दैवदुर्विलास होय.

१४३० च्या सुमारास मुंबईजवळील माहीम बेटासाठी गुजरातच्या सुलतानाशी युद्ध झाले व त्यात बहामनी सैन्याचा पराभव झाला. दख्खनी सरदारांनी ऐनवेळी पाठ दाखविली, असे आफाक्यांनी म्हटले. परदेशी सेनापतीस लढता येत नाही, असे दख्खन्यांनी म्हटले. यानंतर प्रत्येक अपयशाचे खापर एका पक्षाने दुसऱ्याच्या माथी फोडावे, असा प्रघातच पडला.

त्याचा भीषण परिणाम १४४७ च्या सुमारास पुण्यापासून काही कोसांवर असलेल्या चाकण येथे दिसून आला. कोकणचा मुलूख जिंकण्यासाठी खलफ हसन यास मोठ्या सैन्यासह पाठविण्यात आले होते. चाकणला त्याने आपला तळ केला. सह्याद्रीतील एका शिर्के सरदारास त्याने शरण आणले. शिर्क्याने सांगितले की, खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, मुलखातील माझ्या प्रतिस्पर्ध्याचा आधी पाडाव करा. वाट मी दाखवितो. त्याने दाखविलेली वाट घनदाट अरण्यात शिरली. दख्खनी सरदारांनी त्या अरण्यात शिरण्याचे नाकारले व ते मागेच राहिले. पुढे गेलेल्या सैन्यावर रात्री छापा पडला. खलफ हसन आणि त्याच्याबरोबरचे बहुतेक लोक मारले गेले. जे थोडे वाचले ते कसेबसे चाकणला परतले. मागे राहिलेल्या दख्खनी सरदारांनी यापूर्वीच बीदरला लिहून कळविले होते की, हे परदेशी लोक फितूर होऊ पाहत आहेत. सुलतान दुसरा अलाउद्दीन त्या वेळी मद्याच्या आहारी गेला होता. त्याने चौकशी न करता शासनाचा हुकूम दिला. चाकणच्या किल्ल्यातील आफाक्यांस अभय देऊन बाहेर बोलाविण्यात आले, मेजवानीस बसविण्यात आले, आणि तेथेच त्यांची कत्तल झाली. थोडेसे निसटले, त्यांनी सुलतानास खरी हकीगत कळविली. तेव्हा त्याने तितक्याच क्रूरपणे दख्खनी सरदारांस शासन केले. राज्याच्या दृष्टीने नुकसान दुहेरी झाले. राजाचा हुकूम हा न्याय नसून, ज्याची चिठ्ठी त्याच्याकडे आधी पोहोचेल त्या पक्षाचे हत्यार आहे, हे सर्वांस कळून चुकले.

यानंतर थोड्याच वर्षांनी, १४५३ मध्ये, दाभोळच्या बंदरात एक इराणी व्यापारी उतरला. कास्पियन समुद्राच्या काठी असलेल्या गिलान प्रांतातील प्रतिष्ठित घराण्यातला हा गृहस्थ त्या वेळी चाळिशी ओलांडलेला होता. हाच महमूद गावान. व्यापार करावा आणि विद्वानांच्या भेटी घ्याव्यात एवढाच त्याचा हेतू होता. परंतु बीदरच्या दरबारात त्याची योग्यता ओळखली गेली व तो राजसेवेत शिरला. १४६१ मध्ये आठ वर्षांचा निजामशहा गादीवर आला, तेव्हा राजमाता, ख्वाजा-इ-जहान तुर्क व महमूद गावान या तिघांच्या मंडळाने कारभार पाहिला. बालराजा पाहून ओरिसाने स्वारी केली, पाठोपाठ माळव्याच्या सुलतानाने बीदर शहर घेतले. पण राजमातेच्या धैर्याने आणि गुजरातच्या मदतीने राज्य वाचले. १४६३ मध्ये तिसरा महंमदशहा गादीवर आला. तोही अल्पवयीनच होता. काही वर्षांतच सर्व कारभार गावानच्या हाती एकवटला.

त्याच्या हाती राज्याची सीमा जितकी विस्तारली तितकी पूर्वी कधी विस्तारली नव्हती. १४६९ पासून तीन वर्षे तो सह्याद्रीत राहिला. खलफ हसन ज्या अरण्यात मेला, त्याच मुलखात गावानने घाई न करता रान तोडून वाटा केल्या, पावसाळ्यात माघार घेतली, उन्हाळ्यात पुन्हा चढाई केली, आणि अखेर खेळण्याचा किल्ला घेतला. १४७२ च्या आरंभी गोवे त्याच्या हाती आले. पूर्वेस राजमहेंद्रीपर्यंत सत्ता गेली. दोन्ही समुद्रांना भिडणारे राज्य बहामनी सुलतानांस प्रथमच मिळाले.

याच सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरमार्गे बीदरला आला. त्याने लिहून ठेविलेल्या वृत्तांतात बीदरच्या थाटाचे विस्ताराने वर्णन आहे. सोन्यारुप्याच्या पालख्या, हत्ती, घोडे व वाद्यांचे ताफे त्याने पाहिले. परंतु सरदार लोक ऐश्वर्यात लोळतात आणि गावची रयत अत्यंत दीन आहे, ही गोष्टही त्या परक्याच्या नजरेतून सुटली नाही. दख्खनी आणि आफाकी यांच्या भांडणाचा विचार करताना हे विसरून चालणार नाही. देश खरा कोणाचा, या प्रश्नावर दरबारात रक्त सांडत होते. पण मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणारा, नांगर धरणारा जो खरा देशवासी, तो या वादात पक्षकारही नव्हता.

गावान हा स्वतः आफाकी होता. पण राज्यास जडलेला रोग त्याने अचूक ओळखला होता. त्याचा उपाय दुहेरी होता. पहिला उपाय म्हणजे तरफदारांची शक्ती कमी करणे. चार तरफांचा विस्तार आता इतका झाला होता की, प्रत्येक तरफदार एक लहानसा राजाच होऊन बसला होता. गावानने चारांच्या आठ तरफा केल्या. वऱ्हाडाचे गाविलगड व माहूर. दौलताबादचे दौलताबाद व जुन्नर. गुलबर्ग्याचे गुलबर्गा व विजापूर. आणि तेलंगणाचे राजमहेंद्री व वरंगळ असे भाग पाडले. प्रत्येक तरफेतील काही महाल खुद्द सुलतानाच्या खर्चासाठी राखून ठेविले, म्हणजे सरकारी वसुलाचे हात प्रत्येक प्रांतात पोहोचले. पूर्वी तरफेतील सर्व किल्ल्यांवर तरफदार आपली माणसे नेमीत असे; आता त्याच्या ताब्यात एकच किल्ला राहिला, बाकीच्या किल्ल्यांवरील किल्लेदार थेट बीदरहून नेमले जाऊ लागले. जमिनीची मोजणी सुरू झाली. सरदारांचे वेतन वाढविले, परंतु ठरलेले स्वार जो पदरी बाळगणार नाही, त्याने तितकी रक्कम खजिन्यात परत भरली पाहिजे, असा नियम केला. किल्ला, पैसा व फौज ही बंडाची तीन साधने होत; त्या तिन्हींवर गावानने एकदम हात घातला.

दुसरा उपाय समतोलाचा. नव्या तरफा वाटताना त्याने केवळ आपल्या पक्षाची भरती केली नाही. गाविलगड फत्‌हुल्ला इमादुल्मुल्क यास मिळाला. हा मूळचा विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मण, लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला, म्हणजे दख्खनी. माहूर व गुलबर्गा हबशी सरदारांकडे गेले. राजमहेंद्री मलिक हसन निजामुल्मुल्क याच्याकडे राहिली. तोही जन्माने ब्राह्मण व दख्खनी पक्षाचा अग्रणी. दौलताबाद युसुफ आदिलखानास मिळाले. तो परदेशी असून गावानच्या घरचा मानला जाई. दोन्ही पक्षांस राज्यात सारखाच वाटा असावा, म्हणजे कोणासही राज्य मोडण्यात लाभ वाटणार नाही, असा हा हिशेब होता.

हिशेब बरोबर होता. पण ज्याचे जाते त्यास तो पटत नाही. मलिक हसन यापूर्वी साऱ्या तेलंगणाचा धनी होता. आता त्याच्याकडे अर्धेच तेलंगण उरले. वाटणी समान झाली म्हणून त्याचे समाधान होईना. आपले अर्धे गेले एवढेच त्यास दिसे. शिवाय या सर्व सुधारणांस आधार होता तो केवळ एका गोष्टीचा : वजिरावर असलेला सुलतानाचा विश्वास. गावानने प्रांतांची व्यवस्था बदलली, किल्ल्यांची बदलली, फौजेची बदलली. पण सुलतानाच्या मनातील संशय आणि त्याच्या हातातील तलवार यांच्यामध्ये थांबून चौकशी करील, अशी कोणतीही संस्था त्या राज्यात नव्हती. चाकणचा प्रसंग ज्या छिद्रातून घडला, ते छिद्र बुजविले गेले नव्हते.

१४८१ साली सुलतान पूर्वेच्या स्वारीवर होता. त्याने कांचीपर्यंत दौड केली. छावणी कोंडपल्ली येथे होती. गावानच्या विरोधकांनी त्याची मोहोर सांभाळणाऱ्या नोकरास वश केले, आणि नशेच्या भरात त्याच्याकडून एका कोऱ्या कागदावर वजिराची मोहोर उठवून घेतली. त्या कागदावर मग ओरिसाच्या राजास उद्देशून मजकूर लिहिला गेला : सुलतान दुर्व्यसनी आहे, प्रजा त्रासली आहे, आपण चालून यावे, राज्य वाटून घेऊ, अशा आशयाचा. हे पत्र जणू वाटेत पकडले गेले अशा रीतीने, मलिक हसन जवळ असताना, सुलतानापुढे ठेवण्यात आले. सुलतान त्या वेळी मद्य प्याला होता. त्याने गावानला बोलाविणे पाठविले. हितचिंतकांनी वजिरास सांगितले की, आज जाऊ नका, घोडे तयार आहेत, गुजरातकडे निघून जा. म्हातारा वजीर गेला नाही. तो सुलतानासमोर येऊन उभा राहिला. स्वामिद्रोह्यास काय शासन असावे, असे सुलतानाने विचारले. तलवार, असे त्याने उत्तर दिले. तेव्हा पत्र त्याच्यापुढे टाकण्यात आले. मोहोर माझी आहे, पत्र माझे नाही, असे तो म्हणाला. सुलतानाने ऐकले नाही. तो उठून आत गेला, आणि जौहर नावाच्या हबशी गुलामाने ५ एप्रिल १४८१ रोजी वजिराचे मस्तक उडविले. तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता.

वजिराची अपार संपत्ती हाती येईल, या आशेने त्याच्या खजिनदारास दरडावून विचारण्यात आले. तेव्हा कळले की, जहागिरीचे उत्पन्न फौजेवर आणि गोरगरिबांवर खर्च होत असे. स्वतःचे पोट हा मनुष्य आपल्या जुन्या व्यापाराच्या नफ्यावर भरीत असे. गादी चटईची, भांडी मातीची, आणि मोलाची म्हणावी अशी वस्तू एकच, ती म्हणजे ग्रंथसंग्रह. पत्र बनावट होते हेही लवकरच उघडकीस आले. सुलतानास पश्चात्ताप झाला. परंतु पश्चात्तापाने राज्य सावरत नाही.

आणि आता बहामनी राज्याच्या जन्मकाळचा प्रसंग जसाच्या तसा पुन्हा घडला. युसुफ आदिलखान हा तर मृताचाच माणूस. पण फत्‌हुल्ला इमादुल्मुल्क दख्खनी होता व खुदावंदखान हबशी होता. विरोधी पक्षाचा नायक मेला म्हणून या दोघांनी आनंद करावयास हवा होता. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी सुलतानाच्या छावणीपासून दूर आपले तंबू ठोकले, आणि सुलतानाने बोलाविले तरी ते त्याच्यासमोर गेले नाहीत. वर्षानुवर्षे चाकरी केलेला असो वा कालचा असो, ज्या राजाच्या दरबारात एका कागदावर मस्तक उडते, तेथे कोणताच पक्ष सुरक्षित नाही, हे त्यांनी जाणले. १३४५ च्या सुमारास भडोचच्या वाटेवरून अमीर परत फिरले होते, ते ज्या कारणाने, त्याच कारणाने हे सरदारही आपापल्या प्रांतांकडे निघून गेले. गावानचा वध झाला त्या दिवशी एक पक्ष हरला असे नव्हे. राजाचा शब्द हरला.

पुढची हकीगत थोडक्यात सांगता येते. वर्षभरात, १४८२ च्या मार्चमध्ये, तिसरा महंमदशहा तिशी गाठण्यापूर्वीच वारला. बारा वर्षांचा महमूदशहा गादीवर बसला व सत्ता मलिक हसनच्या हाती गेली. ज्या रस्त्याने त्याने गावानला पाठविले, त्याच रस्त्याने १४८६ मध्ये त्यास जावे लागले; बीदरमध्ये त्याचा खून झाला. १४८७ मध्ये सुलतानास ठार मारण्याचा कट दख्खनी व हबशी लोकांनी केला, तो फसला, आणि बीदरच्या रस्त्यांत तीन दिवस दख्खन्यांची कत्तल चालली. १४९० मध्ये मलिक हसनचा पुत्र मलिक अहमद याने जुन्नर प्रांतात स्वतंत्र सत्ता स्थापिली. तीच पुढे अहमदनगरची निजामशाही झाली. त्याच सुमारास विजापुरास युसुफने आदिलशाही व वऱ्हाडात फत्‌हुल्लाने इमादशाही उभी केली. १५१८ च्या सुमारास गोवळकोंड्यास कुतुबशाही उदयास आली, आणि खुद्द बीदरमध्ये बरीद घराण्याने सुलतानास नामधारी करून ठेविले. गावानने तीन वर्षांच्या श्रमाने मिळविलेले गोवे १५१० मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेले. शेवटचा सुलतान कलीमुल्ला याने १५२६ मध्ये दिल्ली जिंकणाऱ्या बाबराकडे गुप्तपणे मदत मागितली. ती मिळाली नाही. तो पळाला आणि आपल्याच घराण्याच्या एकेकाळच्या चाकरांच्या आश्रयास अहमदनगरला राहून मरण पावला. दिल्लीचे जोखड झुगारून निर्माण झालेल्या राज्याच्या अखेरच्या राजाने दिल्लीच्याच दाराशी याचना करावी, यापेक्षा अधिक करुण शेवट कोणता?

तथापि बहामनी राज्य सर्वस्वी नष्ट झाले असे म्हणता येत नाही. त्याची राज्यपद्धती पाचही शाह्यांनी उचलली. तरफ हा विभाग व किल्लेदार हा अधिकारी मराठी राज्याच्या कारभारातही आढळतो. त्याचा रोगही वारशाने गेला. १५८९ मध्ये अहमदनगरात परदेशी लोकांची तशीच कत्तल झाली. मात्र या लहान राज्यांस बाहेरून माणसे आणणे पूर्वीइतके परवडेना, आणि त्यांची दृष्टी हळूहळू आपल्या मुलखातील मराठे शिलेदार, देशमुख व देशपांडे यांच्याकडे वळली. जो खरा देशवासी दोन शतके दरबाराच्या वादाबाहेर उभा होता, तो अशा रीतीने दारात आला. त्यातून पुढे काय घडले, तो इतिहास महाराष्ट्रास सांगावयास नको.

बीदरच्या मदरशाचे उरलेले आयुष्यही सुखाचे गेले नाही. मोगली अमलात, सतराव्या शतकाच्या अखेरीस, त्या वास्तूत बंदुकीच्या दारूचा साठा ठेविला होता. त्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग व एक मिनार कोसळला. जेथे ग्रंथ ठेवावयाचे तेथे दारूगोळा भरला गेला. उरलेला मिनार पाहणाऱ्या प्रवाशास त्यावरील रंगीत फरशांतून कुराणातील वचनाची सुंदर अक्षरे अजून वाचता येतात. ज्याने ती लिहवून घेतली, त्याच्या नावाने लिहिलेल्या चार खोट्या ओळींनी एक राज्य बुडविले.